जीआर सापडला, पण तो जिवंत आहे का?

प्रश्न असा आला आहे : "मी लोकप्रशासनात पीएचडी करते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या आश्वासित प्रगती योजनेवर काम चालू आहे. चाळीसेक जीआर जमलेत, त्यातले बरेचसे व्हॉट्सॲपवरून आलेले. कोणता आज लागू आहे, कोणता रद्द झालाय आणि मधले किती सुटलेत, हे ओळखायचं कसं?"

मी मंत्रालयात सहायक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता सेवाविषयक खटले लढवणाऱ्या वकिलांना जुने कागद शोधून देतो. म्हणजे जे कागद एकेकाळी आम्हीच काढले, तेच आता शोधत फिरतो.

सगळ्यात आधी ते चाळीस पीडीएफ बाजूला ठेवा. त्यातला सगळ्यात ताजा मूळ शासन निर्णय (जीआर म्हणजे तोच, गव्हर्नमेंट रेझोल्यूशन) घ्या. तुमच्या विषयात तो २ मार्च २०१९ चा, वित्त विभागाचा. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनरचनेत, पदोन्नती न मिळालेल्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनाचे तीन लाभ देणारा. लोक जीआर उघडला की थेट "शासन निर्णय" या मथळ्याखालच्या परिच्छेदावर उडी मारतात. तुम्ही तसं करू नका. वर, प्रस्तावनेच्याही आधी, बारीक अक्षरात "वाचा" किंवा "संदर्भ" असं लिहून क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. ती त्या आदेशाची वंशावळ. तिचं बोट धरून मागे गेलात की १ एप्रिल २०१० चा आदेश लागतो (दुसरा लाभ देणारा), त्याच्या मागे २० जुलै २००१ चा, आणि त्याच्याही मागे ८ जून १९९५ चा, ज्याने १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती सुरू केली. हे चार खांब उभे राहिले की तुमच्याकडचे बाकीचे कागद आपापल्या जागी जाऊन बसतात. कुठला २००१ च्या आदेशाचं स्पष्टीकरण, कुठला २०१० च्या आदेशातली दुरुस्ती, असं.

इथेच एक खाच आहे, बहुतेक जण तिथे अडखळतात. १९९५ चा आदेश सामान्य प्रशासन विभागाचा आहे, पुढचे वित्त विभागाचे. शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर विभाग निवडून शोधणाऱ्याला अर्धी साखळी दिसणारच नाही. विषय तोच, पण तो सांभाळणारं घर बदललं. खात्यांची नावंही बदलतात, खाती फुटतात, जोडली जातात. म्हणून विभागाच्या नावावर विसंबून कधी राहू नये.

आता क्रमांक. १९९५ च्या आदेशावर "एसआरव्ही-१०९५/प्र.क्र.१/९५/बारा" असं आहे. हे पाहून गोंधळू नका, १०९५ हे काही इसवी सन नव्हे. शेवटचे दोन आकडे सालाचे, म्हणजे ९५. प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटचं "बारा" हे कार्यासन, म्हणजे ज्या टेबलावर ती नस्ती (फाईल) हलली ते. २००१ चा आदेश बघा : "वेतन-११९९/प्र.क्र.२/९९/सेवा-३". आदेश २००१ चा आणि क्रमांकात ९९! चूक नाही. नस्ती १९९९ साली उघडली गेली, फिरत फिरत दोन वर्षांनी तिच्यातून आदेश बाहेर पडला. २०१० च्या आदेशाच्या क्रमांकातही ११०९ आहे, म्हणजे नस्ती २००९ ची. थोडक्यात, क्रमांकातलं साल नस्तीच्या जन्माचं असतं, आदेशाच्या नव्हे. संशोधकाला याचा मोठा उपयोग होतो. एखादा निर्णय किती काळ शिजत होता, हे वर्तमानपत्रात कुठेही येत नाही. क्रमांकात मात्र ते आयतं मिळतं.

आणि यातूनच दुसरं निघतं. क्रमांक आदेशाचा नसतो, नस्तीचा असतो. एकाच नस्तीतून दहा आदेश निघाले तर दहाही आदेशांवर तोच क्रमांक. कोविडचे आदेश आठवा. महसूल व वन विभागाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेने टाळेबंदीचे, मग "मिशन बिगिन अगेन"चे, मग २०२१ च्या एप्रिलमधल्या "ब्रेक द चेन"चे जे आदेश काढले, त्यांच्यावर वारंवार एकच क्रमांक दिसतो : डीएमयू/२०२०/सीआर ९२/डिसएम-१. प्रबंधाच्या तळटीपेत नुसता हा क्रमांक लिहिला तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. क्रमांक आणि तारीख ही जोडी कधी फोडायची नाही. एकाच दिवशी एकाच नस्तीतून दोन कागद निघाले असतील, तर संकेतांकही लिहायचा.

संकेतांक म्हणजे आदेशाच्या शेवटी, "संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक..." या ठरीव वाक्यात येणारा अठरा आकडी नंबर. तो वाचायला सोपा आहे. पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस, त्यापुढचे वेळेचे, आणि अगदी शेवटचे दोन विभागाचे. ०७ असेल तर सामान्य प्रशासन, ०५ असेल तर वित्त. आदेशावरची तारीख आणि संकेतांकातली तारीख जुळत नसेल तर थांबा. कधी कारण साधं असतं, कागद उशिरा चढवला गेला. कधी ते कारणच तुमच्या संशोधनाचा विषय ठरू शकतं. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आधीच्या दिवसांत संकेतस्थळावर जीआरचा कसा पाऊस पडतो ते बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. व्हॉट्सॲपवरच्या जीआरची पहिली परीक्षाही हीच. संकेतांक टाकून मूळ कागद उतरवून घ्या. मिळाला नाही तर कागद खोटा आहे असं लगेच म्हणू नका, पण तोवर तो वापरूही नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आदेश जिवंत आहे की नाही.

"वाचा" फक्त मागे नेतं. आदेशाला आपले पूर्वज ठाऊक असतात, वंशज ठाऊक नसतात. १९९५ च्या कागदावर कोणीही येऊन "हा बदलला" असा शिक्का मारत नाही. संकेतस्थळावर तो अजून तितकाच टवटवीत दिसतो. गेल्या वर्षीचंच उदाहरण घ्या. शालेय शिक्षण विभागाने १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय काढला : पहिलीपासून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी ही तिसरी भाषा, अनिवार्य. ओरड झाली. १७ जूनला सुधारित आदेश आला, त्यात "अनिवार्य" गेलं आणि "सर्वसाधारणपणे" आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थ्यांची अट. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अडीच महिन्यांत एवढं सगळं. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी "हिंदी अनिवार्य" असं शोधून एप्रिलचा कागद काढेल आणि महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची होती असं बेलाशक लिहील. कागद खराच असेल, निष्कर्ष तेवढा खोटा.

म्हणून पुढच्या दिशेचा शोध वेगळा करावा लागतो. पद्धत कंटाळवाणी आहे, पण दुसरी मला माहीत नाही. जुन्या आदेशाचा विषय आणि तारीख घेऊन त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचे त्या विभागाचे, आणि शंका असेल तर शेजारच्या विभागाचेही, आदेश चाळायचे. कोणाच्या "वाचा"मध्ये आपली तारीख येते ते टिपायचं. मग त्या आदेशात "अधिक्रमित" हा शब्द शोधायचा. तो नसेल तर "सुधारणा", "ऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे", "वगळण्यात यावे" हे शब्द. "अधिक्रमित" आणि "सुधारित" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात जुना आदेश जातो, दुसऱ्यात तो जगतो, फक्त एखादं वाक्य बदलून. सगळ्यात त्रासदायक वाक्य म्हणजे "यापूर्वीचे या विषयावरील सर्व आदेश या मर्यादेपर्यंत अधिक्रमित समजावेत". कुठले आदेश आणि कुठली मर्यादा, हे लिहिणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. मीही असली वाक्यं लिहिली आहेत, कबूल करतो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका प्रकरणात न्यायाधिकरणासाठी उत्तर तयार करायचं होतं. मी एका परिपत्रकाचा आधार दिला, वरिष्ठांनी सही केली, कागद गेला. सुनावणीत अर्जदाराच्या वकिलांनी शांतपणे दुसरं परिपत्रक पुढे केलं. माझं परिपत्रक आठ महिन्यांपूर्वीच अधिक्रमित झालं होतं, आणि तेही आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या कार्यासनाकडून. त्या दिवसापासून कुठलाही आदेश लिहिताना त्याच्या मागेपुढे पाहिल्याशिवाय पेन उचललं नाही.

आपल्यापेक्षा मोठ्यांचंही असंच झालं आहे, एवढं समाधान. अमेरिकेत १९३३ मध्ये तेलविहिरींच्या उत्पादनावर मर्यादा घालणारी संहिता राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने लागू झाली. पुढे दुरुस्ती करताना नेमकं ते कलमच नजरचुकीने गळालं. कोणाच्याच लक्षात आलं नाही. सरकार अस्तित्वात नसलेल्या तरतुदीखाली लोकांवर खटले भरत राहिलं. पनामा रिफायनिंग प्रकरणात हे उघडं पडलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सरकारची फार अडचण झाली. निकाल लागला त्याच वर्षी, १९३५ मध्ये, तिथे फेडरल रजिस्टर कायदा झाला आणि असे आदेश एका ठिकाणी छापणं बंधनकारक झालं. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांना १९०७ पासून सलग क्रमांक आहेत. आपल्याकडे जीआरला अशी एक सलग मालिका नाही, म्हणून ही सगळी यातायात.

आता कागदाची जात. तुमच्या चाळीस पीडीएफमध्ये शासन निर्णय, परिपत्रक, शुद्धिपत्रक, आदेश, कदाचित अधिसूचना असं सगळं एकत्र असणार. लोक सरसकट सगळ्याला जीआर म्हणतात. शासन निर्णय म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नुसार "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" निघालेला निर्णय. परिपत्रक बहुधा आधीच्या निर्णयाचं स्पष्टीकरण किंवा कडक शब्दांतली आठवण. शुद्धिपत्रक म्हणायला टंकलेखनातली चूक सुधारतं, पण त्याच्या आडून कधी कधी धोरणही बदलतं, तेव्हा त्याला कमी लेखू नका. अधिसूचना कायद्याने दिलेल्या अधिकारात निघते आणि राजपत्रात छापली जाते. महाराष्ट्र शासन राजपत्रात भाग चार-ब मध्ये राज्याच्या अधिनियमांखालचे नियम आणि आदेश असतात, केंद्रीय अधिनियमांखालचे चार-अ मध्ये. ते जीआरच्या पानावर शोधून उपयोग नाही.

ही जात का महत्त्वाची, ते गोव्यातल्या एका खटल्यातून चांगलं कळतं. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं : भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. पुढे १९८३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांच्या आधारे गोव्यातल्या किनाऱ्यालगतच्या हॉटेलांच्या बांधकामांवर कारवाई झाली. प्रकरण गल्फ गोवन्स हॉटेल्स या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये निकाल लागला. त्या तत्त्वांवर राष्ट्रपतींच्या नावाने रीतसर अधिप्रमाणन (अधिकृत सहीने प्रमाणित करणं) नाही, ती राजपत्रात प्रसिद्ध नाहीत. म्हणून त्यांना कायद्याचं बळ नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हेतू कितीही चांगला असो, पत्र लिहिणारी व्यक्ती कितीही मोठी असो. नस्तीवरच्या टिपणीचंही तेच. मंत्र्यांनी "मान्य" लिहून सही केली म्हणजे आदेश झाला, असं बाहेर समजतात. बचित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या जुन्या निकालापासून कायदा स्पष्ट आहे : राज्यपालांच्या नावाने काढून संबंधिताला कळवल्याशिवाय तो आदेश नाही. माहितीच्या अधिकारात नस्तीची प्रत मिळाली की तिच्यातला शेरा आदेश म्हणून छापू नका.

तुमच्या विषयात आणखी एक पायरी. नोकरीच्या अटींचे काही नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली केलेले असतात, उदाहरणार्थ १९८२ चे निवृत्तिवेतन नियम. जीआर त्या नियमांतली रिकामी जागा भरू शकतो, पण नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. संतराम शर्मा प्रकरणात, १९६७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. तेव्हा आदेश वाचताना शेजारी नियम उघडा ठेवा.

शब्दांतली क्रियापदंही नीट वाचा, कारण सगळं त्यांत असतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ११ सप्टेंबरला सरकारचा आदेश निघाला. आपण पुढचं लक्षात ठेवतो, महाड नगरपालिकेचा ५ जानेवारी १९२४ चा ठराव, तरीही अस्पृश्यांना बंदच राहिलेलं चवदार तळं, आणि २० मार्च १९२७. पण तो मधला सरकारी आदेश वाचला आहे का? सरकारने आपल्या ताब्यातल्या जागांबाबत कार्यालयप्रमुखांना अंमल करण्याचा निर्देश दिला. स्थानिक संस्थांबाबत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना ठराव स्वीकारण्याची इष्टता विचारात घेण्याचा सल्ला द्यावा, एवढंच. नगरपालिकेच्या तळ्यावर सरकारने हुकूम सोडलाच नव्हता. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. "करावे", "करण्यात यावे", "करता येईल", "विचार करावा" : या चारांतलं कुठलं वापरलंय ते टिपलं नाही तर आदेशाचा इतिहास चुकतो.

शोधण्याच्या तांत्रिक कटकटी थोडक्यात. जुन्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत, किंवा नुसतेच स्कॅन. त्यांच्या आतला मजकूर शोधात सापडत नाही, फक्त शीर्षक सापडतं. आणि शीर्षक टाइप करणाऱ्याने शुद्धलेखन आपापल्या पद्धतीने केलेलं असतं. "शुध्दीपत्रक", "शुद्धीपत्रक", "शुद्धिपत्रक" तिन्ही टाकून बघा. "आश्वासित", "आश्वासीत", "कालबद्ध", "कालबध्द" तसंच. दोन शब्दांपेक्षा जास्त टाकू नका, एक उत्तम. आणि सापडलं की लगेच उतरवून ठेवा.

संकेतस्थळाच्या आधीचा काळ कागदावर आहे. इथे एक जागा लोकांना माहीत नसते. आपल्या सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत (कागद प्रकारानुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची) आहे, आणि त्यातला एक गठ्ठा म्हणजे स्थायी आदेश संचिका. त्या कार्यालयाला लागू असलेली परिपत्रकं आणि निर्णय विषयवार लावून त्यात ठेवायचे असतात. एखाद्या जुन्या, नेटक्या लिपिकाने सांभाळलेली स्थायी आदेश संचिका मिळाली तर तुमचे सहा महिने वाचले असं समजा. तालुक्याच्या कार्यालयात कधी कधी मंत्रालयापेक्षा चांगली संचिका सापडते. मंत्रालयात मात्र आदेशाच्या प्रतींच्या यादीत सगळ्यात शेवटी "निवडनस्ती" लिहिलेलं असतं. म्हणजे त्या कार्यासनाकडे त्या आदेशाची एक प्रत राखून ठेवलेली असायला हवी. माहिती अधिकाराच्या अर्जात "संबंधित माहिती द्यावी" असं मोघम न लिहिता "अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या आदेशाची निवडनस्तीतील प्रत" असं मागा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नस्ती पाहण्याचीही मागणी करा. पाहताना जे सापडतं ते मागून मिळत नाही. आणि उशीर करू नका : अभिलेखांच्या वर्गीकरणात "अ" कायम राहतो, "ब" ३० वर्षं, "क" १०, "क-१" ५ आणि "ड" एकच वर्ष. मूळ निर्णय राहील, पण तो का झाला हे सांगणारा पत्रव्यवहार कदाचित गेलाही असेल.

खूप मागे, ब्रिटिश काळात जायचं असेल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं पेशवे दफ्तर. तुमच्या विषयाला त्याची गरज नाही, पण "रेझोल्यूशन" हा शब्द आपल्या कारभारात कुठून आला हे बघायला एकदा जाऊन या.

एक वही करा, किंवा एक्सेल. प्रत्येक आदेशाला एक ओळ : विभाग, क्रमांक, तारीख, संकेतांक, "वाचा"मधल्या तारखा, कोणाला अधिक्रमित केलं, कोणी अधिक्रमित केलं, लाभ कोणत्या तारखेपासून, वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ (नस्ती त्या विभागाकडे जाऊन आल्याचा क्रमांक) आहे की नाही. तो शेवटचा रकाना सोडू नका. पैशाचा आदेश आणि वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख नाही, असा कागद दिसला तर त्याच्या आगेमागे काहीतरी घडलेलं असण्याची शक्यता बरीच. "कोणी अधिक्रमित केलं" हा रकाना रिकामा राहिला तर त्याचा अर्थ आदेश जिवंत आहे असा नाही, तुम्हाला अजून सापडलेलं नाही असा घ्या, आणि शोध कुठल्या तारखेपर्यंत केला ते तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवा.

तुमच्या चाळीस कागदांतले २००१ ते २०१० च्या मधले जे असतील, त्यांचे क्रमांक आणि तारखा मला पाठवा. त्या नऊ वर्षांत स्पष्टीकरणं बरीच निघाली होती. कुठली सुटली असतील ते यादी पाहिल्यावर सांगता येईल.